फ्रिजच्या मागचा रातकिडा

घरात किडा दिसला की मी फारसा विचार करत नाही. झुरळ असो, गोम असो, जे समोर येईल त्याचा निकाल लावायचा आणि पुढच्या कामाला लागायचं. मुलुंडच्या आमच्या घरात त्यामुळे किडे फार टिकत नाहीत. नवरा म्हणतो, माणसंसुद्धा जेमतेमच टिकतात. म्हणून जोगेश्वरीहून भावजयीचा फोन आला आणि ती म्हणाली, "ताई, घरात रातकिडे फार झालेत, काहीतरी करा ना," तेव्हा मला चक्क बरं वाटलं. भाऊ जाऊन दोनेक महिने होत आले होते. तिथे गेले की आई एका कोपऱ्यात, भावजय दुसऱ्या कोपऱ्यात, आणि मध्ये मी चहाचा कप धरून बसलेली. रडणाऱ्या माणसासमोर काय बोलायचं ते मला कधी जमलेलं नाही. किडे मारणं जमतं.

भाऊ माझ्याहून लहान. चाळिशीसुद्धा गाठली नाही त्यानं. गेल्या पावसाळ्यात एका पहाटे झोपेतच गेला. भावजय चहा ठेवायला उठली, चहा गाळून त्याला हाक मारली, तो उठला नाही. डॉक्टर म्हणाले हार्ट. एवढ्या तरण्याताठ्या माणसाचं हार्ट असं कसं बंद पडतं, ते मला अजून कुणी नीट समजावलेलं नाही. त्यांना मूलबाळ नव्हतं. तेव्हा त्या घरात आता सासू आणि सून, दोनच बायका उरल्या होत्या.

घर तळमजल्यावर, लेण्यांच्या अंगाला असलेल्या जुन्या बिल्डिंगीत. बाहेरची खोली आणि स्वयंपाकघर, बस्स. आई स्वयंपाकघरात झोपायची, ती दोघं बाहेर, जमिनीवर गादी घालून. स्वयंपाकघरात जागा नाही म्हणून फ्रिजही बाहेरच्याच खोलीत. मागच्या दारापलीकडे अरुंद बोळ, बोळात गटार, गटाराच्या काठानं आपोआप माजलेलं अळू, आणि कुणाच्या तरी रिनोवेशनमधून उरलेल्या लाद्यांची चळत. अशा ठिकाणी रातकिडे आले नसते तरच नवल.

पहिल्याच रविवारी मी कंबर कसून गेले. फोनवर वाचून घेतलं होतं. रातकिड्याला ओल लागते, अंधार लागतो आणि लपायला पुठ्ठा, कागद, कपड्यांचे ढीग लागतात. तेव्हा पलंगाखालचे सगळे खोके बाहेर काढले. मिक्सरचा खोका, टीव्हीचा खोका. भावानं गॅरंटी संपेपर्यंत म्हणून ठेवलेले आणि मग तसेच राहिलेले. भंगारवाल्याला देताना भावजय दाराशी उभी राहून बघत होती. मोरी घासून कोरडी केली, जाळी बदलली. मागच्या दारावरचा पांढरा बल्ब काढून पिवळा लावला, कारण पांढऱ्या उजेडाला किडे जास्त येतात म्हणे. लाद्यांची चळत वॉचमनला चहापाणी देऊन हलवली. दाराखाली बोटभर फट होती, तिथे रबराची पट्टी मारायची ठरवली. आणि एवढ्यावर भागायचं नाही म्हणून पेस्ट कंट्रोलवाल्यालाही बोलावलं.

तो पाठीला पंप अडकवून आला. मोरी झाली, स्वयंपाकघराचे कोपरे झाले. आई तोवर देवापुढे वाती वळत बसली होती. तो फ्रिजकडे वळला तशी ती उठली, आली आणि फ्रिजला पाठ लावून खाली बसली. गुडघे धरलेले असताना अशी मांडी घालून बसलेली मी तिला कित्येक वर्षांत पाहिली नव्हती.

"माँजी, जरा बाजू हटो ना," तो म्हणाला.

"आधी माझ्यार मार," आई म्हणाली. "मगे तेच्यार."

त्या बिचाऱ्याला मालवणी कळलं नाही, पण अर्थ कळला असावा. त्यानं पंपाची नळी खाली केली आणि माझ्याकडे बघितलं. मी भडकले. "आई, काय चाललंय हे? किडे आहेत ते! सून रात्रभर जागी असते तुझी!" आई ढिम्म हलली नाही. शेवटी त्याला पैसे देऊन वाटेला लावलं. आणि मग आईनं सांगितलं, तेव्हा मला ती सकाळ आठवली.

आमच्यात माणूस ज्या जागी जातो तिथे दिवा लावून ठेवतात. दिवसकार्याच्या आदल्या रात्री त्या जागेवर तांदळाचं पीठ पातळ पसरतात आणि वर टोपली उपडी घालतात. सकाळी टोपली उचलून बघायचं, पिठावर कशाची खूण उमटली आहे. ज्याचं पाऊल, त्या जन्माला माणूस गेला असं धरायचं. माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही, पण त्या सकाळी मीही वाकून बघत होते. कुणी गाईचं पाऊल शोधत होतं, कुणी पाखराचं. पिठावर बारीक बारीक ठिपक्यांच्या दोन-तीन वाकड्या रेघा होत्या, झाडूच्या हिरानं टोचल्यासारख्या. "किडो-बिडो दिसता," मागून कुणीतरी म्हातारी पुटपुटली. आणि तेवढ्यात टोपलीच्या काठाला बसलेला एक रातकिडा टुणकन उडाला आणि सगळ्यांच्या देखत फ्रिजखाली गेला.

दमट खोली, जमिनीवर पीठ, वर टोपलीचा अंधार. रातकिड्यानं दुसरं जायचं तरी कुठे? मी त्या सकाळीच हे विसरून गेले होते. आई विसरली नव्हती.

आधी ती ह्याच गोष्टीनं खचली होती. इतक्या सरळ मुलाला हा असला जन्म का, त्यानं कुणाचं काय वाकडं केलं होतं, म्हणून ती आतल्या आत झुरत राहिली. मग हळूहळू तिनं स्वतःची समजूत घातली, की कसला का असेना, घरातच आहे. संध्याकाळी तिनं देवाजवळ दिवा लावला की थोड्या वेळानं फ्रिजमागून आवाज सुरू व्हायचा, आणि आई भावजयीला सांगायची, "इलो बघ." आला म्हणून. रोज. भाताची चार शितं ती फ्रिजमागे सारून ठेवायची.

मी तिला शास्त्र सांगायला गेले. म्हटलं, आवाज करतो तो नर असतो, मादीला बोलावतो, बाकी काही नाही. ते ऐकून आई उलट खूश. "मगे? मी काय सांगतंय?" म्हटलं, अगं, त्याचं आयुष्य कितीसं, फार तर दोन-तीन महिने. तिनं माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "माझ्या झिलाचा तरी खय होता?"

मी उठून मोरीत जाऊन उगीच पुन्हा जाळी घासली.

शेवटी आमचा करार झाला. विष नाही, फवारा नाही, गूळपाण्याची वाटी नाही, कारण तिच्यात किडे बुडून मरतात. जिवंत धरायचे, आईला दाखवायचे, आणि आई म्हणेल ते सोडून यायचे. दाराखालची पट्टी तूर्त मारायची नाही. मी, जिच्या हातून आजवर एक झुरळ सुटलं नव्हतं, ती रविवारच्या रविवारी जोगेश्वरीला जाऊन काचेच्या ग्लासानं रातकिडे धरायला लागले. काकडीची चकती घालून बरणी आडवी ठेवायची. किडा आत गेला की तोंडाशी ग्लास, मग खालून कॅलेंडरचा जाड कागद सारायचा. भावजय माझ्यापेक्षा चपळ निघाली. एकदा तिनं पलंगाखाली झेप घेऊन एक धरला आणि तिचं तिलाच हसू आलं. भाऊ गेल्यानंतर मी तिला हसताना पाहिलं ते तेव्हाच. आईनं स्वयंपाकघरातून मान वर केली, तशी ती लगेच गप्प झाली.

धरलेला किडा आईसमोर हजर करायचा. आई चष्मा लावून ग्लास उजेडाकडे धरायची, फिरवून फिरवून बघायची आणि निकाल द्यायची. "हो तो न्हय." मुलगी बघायला गेल्यासारखं चालायचं ते. एकाला म्हणाली, "हो दुसरोच कोण तरी. खादाड दिसता." मी विचारलं, तुला कळतं तरी कसं? तर म्हणे, "आवाजावरना. आवशीक कळाचा नाय तर कोणाक?" नाकारलेले सगळे मी डब्यात घालून न्यायची आणि परतीच्या वाटेवर आरेच्या कडेला बसमधून उतरून झाडीत सोडायची. ऑफिसमधलं कुणी बघेल ह्या भीतीनं तोंडाला ओढणी बांधून.

असं करता करता घर रिकामं होत गेलं. पाऊस ओसरला, मोरी कोरडी राहायला लागली, मोरीतले गेले, पलंगाखालचे गेले. राहिला तो एक. फ्रिजमागचा. त्याला धरायला आई देईना, आणि तो एकटा आता बाकीच्यांच्या गलक्याशिवाय इतका स्वच्छ ऐकू यायचा की खोलीत दुसरं काही नाहीच असं वाटावं.

एका रविवारी भावजय मला बसस्टॉपवर सोडायला आली आणि तिथे बोलली. आधी म्हणाली, ती बदलापूरला माहेरी जाऊन राहायचं म्हणतेय. साकीनाक्याचं कामही सोडेल. मी म्हटलं, अगं एका किड्यापायी? आईला एकटी टाकून?

"किड्यापायी नाही हो ताई." ती रस्त्याकडे बघत होती. "त्या रात्री पण ते वाजत होते. असे कानठळ्या बसेपर्यंत. मी मध्येच जागी झाले होते, तर ह्यांना काहीतरी बोलले पण, की किती हे रातकिडे, उद्या काहीतरी करू या. ते हूं म्हणाले. मग मी कुशीवर वळून झोपले." मग म्हणाली, "नंतर त्यांनी हाक मारली असेल, कण्हले असतील, काहीतरी केलंच असेल ना? त्या आवाजात मला काही ऐकूच आलं नाही. आणि आता रोज संध्याकाळी आई म्हणतात, इलो बघ. मला वाटतं, तो अजून बोलावतोय आणि मला अजून ऐकू येत नाहीये."

बस आली आणि गेली. मी चढले नाही.

मला माहीत होतं तिला आणखी काय म्हणायचं होतं. भाऊ गेला त्या दिवशी, घर माणसांनी भरलेलं असताना, आई सगळ्यांसमोर बोलून गेली होती, "बाजूक निजलेली. हिका जाग येव नये?" दुःखात माणूस काहीही बोलतं, कुणी मनावर घेत नाही. ज्याला बोललं जातं तो मात्र घेतो. तेव्हापासून ही बाई नीट झोपली नव्हती, आणि आम्ही सगळे समजत होतो की रातकिड्यांमुळे. मी म्हटलं, आईशी बोलते. तिनं माझा हात घट्ट धरला. "नाही हां ताई. माझी शपथ आहे. त्यांच्याकडे तेवढंच उरलंय. ते कशाला काढून घ्यायचं?"

माझ्यासारखी फटकळ बाई, पण मी आईपाशी विषय काढला नाही. खरं सांगायचं तर कुणाची बाजू घ्यावी हेच कळेना. एकीचा मुलगा त्या आवाजात जिवंत होता, दुसरीचा नवरा त्याच आवाजात रोज मरत होता. आणि दोघींना मिळून एकच खोली. भावजय गेली असती तर आई त्या खोलीत एका किड्याशी बोलत बसली असती, आणि तो किडा तरी किती दिवस पुरणार होता? माझ्याकडे येऊन राहा म्हटलं तर ती यायला तयार नव्हती. ते घर सोडून ती कुठे जाणार, "तो" तिथे असताना?

त्यानंतरच्या आठवड्यात भावजयीला लागलं. साकीनाक्याच्या एका गाळ्यात ती स्विचचे भाग जोडायचं काम करते, छोट्या हातप्रेसवर. दुपारी बसल्या बसल्या डुलकी लागली आणि अंगठा प्रेसखाली आला. हाड वाचलं, टाके पडले. गाळ्यातल्या बायकांनी तिला रिक्षात घालून घरी आणलं. मला फोन आला तशी मी ऑफिसमधून निघाले आणि पोचेपर्यंत उन्हं उतरायला आली होती.

उजवा हात मनगटापर्यंत पांढऱ्या बँडेजमध्ये. केस विस्कटलेले, त्यांत कापसाचे धागे अडकलेले. आई पलंगावर बसली आणि तिला म्हणाली, "बस गो हय. वेणी घालतंय." भावजय खाली जमिनीवर, आईच्या पायांशी पाठ करून बसली. लग्न होऊन आल्यापासून तिची वेणी आईनं कधी घातली नसावी. आई फणीनं एक एक बट सोडवत होती. "किती झडले गो," असं स्वतःशीच म्हणाली. मी समोर मेथी निवडत बसले होते. डोक्यावर हात फिरत राहिला तशी भावजयीची मान हळूहळू खाली आली आणि ती बसल्या जागी झोपली. आईनं मला बोटानं खूण केली, आवाज करू नको.

अर्धी वेणी झाली होती. दिवेलागण झाली आणि फ्रिजमागून त्यानं सुरुवात केली.

भावजय दचकली. जागी झाली नाही, पण सगळं अंग दचकलं. आणि तिचा तो बँडेज बांधलेला हात उचलला गेला, शेजारच्या रिकाम्या लादीवर गेला आणि चाचपायला लागला. वर, खाली. मग एका जागी थांबला, अंधारात निजलेल्या माणसाच्या छातीवर ठेवावा तसा.

"काय शोधतंस गो?" आईनं हळूच विचारलं.

"श्वास बघते," ती झोपेतच म्हणाली.

आईच्या हातात तिचे केस तसेच राहिले. मी मेथीची जुडी खाली ठेवली. भावजयीचा हात लादीवर आपटला असावा, कारण ती कळवळून जागी झाली, इकडे तिकडे बघितलं आणि नेहमीसारखी ओशाळली. "डोळा लागला वाटतं. घाला ना आई, वेणी घाला."

आईनं वेणी पुरी केली. शेवटापर्यंत गुंफली, रबर लावलं. मग मला म्हणाली, "फ्रिज ओढ. आणि गिलास आण."

मी फ्रिज ओढला. तो भिंतीच्या कोपऱ्यात, वाळलेल्या शितांजवळ बसला होता, तपकिरी, अंगठ्याच्या पेराएवढा. मी पुढे झाले तर आईनं मला मागे केलं. भिंतीला धरत, गुडघ्यांना शिव्या घालत ती खाली बसली, आणि पहिल्याच प्रयत्नात तिनं ग्लास पालथा घातला. कागद सारला. ह्या वेळी तिनं चष्मा मागितला नाही, ग्लास उजेडाकडे धरला नाही.

भावजयीला काय चाललंय ते कळलं तशी ती उठली. "नको आई. राहू दे त्याला. मी जाते ना माहेरी, मी ताईंना सांगितलंय. तुम्ही नका असं करू."

आई मागच्या दाराकडे गेली होती. मी कडी काढली. बोळात अजून थोडा उजेड होता. आईनं खाली वाकून ग्लास पायरीवर ठेवला आणि कागद काढून घेतला. किडा लगेच गेला नाही. मिशा हलवत तिथेच बसला.

"जा झिला," आई त्याला म्हणाली. "आता तिका निजू दी." आणि मग, भावजयीकडे न बघता, त्याच आवाजात, "मीय हयच निजलेलंय त्या राती. माका तरी खय ऐकाक इला?"

किडा अळवात गेला. आईनं दार लावलं, वळली, आणि सुनेला बघून तिचा बांध फुटला. मुलाच्या दिवसकार्यात चारचौघांसमोर जी बाई ताठ बसली होती, ती आता सुनेच्या खांद्याला धरून लहान मुलासारखी रडत होती. भावजय एका हातानं तिला धरून उभी होती. मीही रडले. लपवायचं कशाला.

जेवणं झाली नाहीत. भावजय बाहेरच्या खोलीत, भावाच्या जागेशेजारी आडवी झाली आणि पडल्या पडल्या झोपली. आईनं स्वयंपाकघरातलं आपलं अंथरूण ओढत आणून तिच्या बाजूला टाकलं आणि भिंतीला टेकून बसली. मी म्हटलं, आई, आज राहते मी, तू पण झोप जरा.

"तू जा," आई म्हणाली. "आज मी जागी रवतंय."